कुकडनेर : एका लहान नदीचा इतिहास

आपल्या देशांत नद्यांचीं माहात्म्यें पुष्कळ, पण नद्यांचे इतिहास थोडे. आणि जे थोडे आहेत ते बहुतेक गोदा, कृष्णा, भीमा अशा थोर नद्यांचे. लहान नदीचें नांव कागदावर येतें तें दोन गांवांची शीव ठरवितांना, नाहींतर पुरानें पीक नेलें म्हणून साऱ्याची सूट मागतांना. वस्तुतः डोंगर, रान आणि शेत यांचें परस्परांशीं नातें काय आहे हें समजून घ्यावयाचें असेल, तर लहान नदीच अभ्यासास अधिक सोईची. मोठी नदी दहा खोऱ्यांचें पाणी एकत्र करून आणिते; त्यांतलें कोणतें पाणी कोणत्या डोंगराचें, याचा पत्ता लागत नाहीं. लहान नदीच्या बाबतींत देणारा कोण व घेणारा कोण, हें दोन्ही टोकांस उभें राहून पाहतां येतें. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही पुणें जिल्ह्यांतील कुकडी ही नदी विचारास घेतली आहे.

कुकडीचा उगम जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकास, नाणेघाटाच्या आसमंतांत, पूर या गांवाजवळ मानितात. तेथें कुकडेश्वराचें प्राचीन शिवालय आहे. तेथून चावंड किल्ल्याच्या अंगानें ती पूर्वेकडे निघते, जुन्नर शहर उजव्या हातास ठेवून पुढें आग्नेयीस वळते. लेण्याद्रि व ओझर हीं अष्टविनायकांतील दोन स्थानें तिच्याच खोऱ्यांत येतात. नंतर येडगांव, बोरी हीं गांवें मागें टाकून ती शिरूर व पारनेर या दोन तालुक्यांमधील शीव बनते आणि शेवटीं घोडनदीस मिळते. घोड भीमेस मिळते, भीमा कृष्णेस. आणि अशा रीतीनें अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरांच्या आंत पडलेलें पाणी सारा दक्षिण देश ओलांडून पूर्वसमुद्रास जातें.

या खोऱ्यास जुने लोक कुकडनेर म्हणत. शेजारच्या मीना नदीचें खोरें तें मिन्नेर, घोडनदीचें तें घोडनेर. जुन्नरच्या आसपासचीं अशीं बारा नेरें मोजण्याची परंपरा आहे. सह्याद्रीपासून पूर्वेकडे डोंगरांच्या ज्या सोंडा निघतात, त्यांच्यामधलीं हीं खोरीं. माथ्याशीं अरुंद व पूर्वेकडे रुंद होत जाणारीं. उगमापासून संगमापर्यंतचें अंतर सरळ रेषेनें मोजलें तर शंभर किलोमीटरांच्या घरांतलें. पण या एवढ्या अंतरांत पावसाचा जो फरक पडतो तो पाहण्यासारखा आहे. घाटमाथ्यावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. जुन्नर शहरीं तो सातशेंच्या सुमारास येतो. आणि शिरूर-पारनेरच्या माळांवर पांचशेंच्या आसपासच राहतो. जमिनीचा क्रम याच्या अगदीं उलट आहे. माथ्यावर खडक, मुरूम व डोंगरउताराची हलकी माती. जुन्नरच्या खालीं मध्यम प्रतीची. आणि त्याहून खालीं नदीकांठीं खोल काळी जमीन. सारांश, जेथें पाऊस आहे तेथें माती नाहीं, आणि जेथें माती आहे तेथें पाऊस नाहीं. ही कांठची गाळाची जमीन तरी मूळची कोठली? माथ्याचाच खडक झिजून, पावसानें धुऊन, नदीनें ती खालीं आणून घातली. म्हणजे खालच्या मुलखानें वरच्या मुलखाकडून माती पूर्वींच घेतली होती. पाणी तेवढें घ्यावयाचें राहिलें होतें. कुकडनेरचा इतिहास हा बहुतांशीं तें पाणी घेण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम माथ्याकडे पाहूं. येथील वस्ती मुख्यत्वें महादेव कोळी व ठाकर यांची. उतारावर ताली घालून केलेल्या खाचरांत भात, आणि त्याहून वरच्या हलक्या जमिनींत नाचणी व वरई, हें येथील पीक. भाताचें रोप करण्यापूर्वीं जमिनीवर शेण, पालापाचोळा व झाडांच्या छाटलेल्या फांद्या पसरून राब भाजण्याची जुनी वहिवाट आहे. तेव्हां येथें रान व शेत या दोन वेगळ्या वस्तु नव्हेत. शेताची सुरुवात रानापासून होते. रानांत हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन हीं झाडें. मोकळ्या उतारांवर कारवीचे ताटवे, जे सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलतात. त्यांत हिरड्याचें महत्त्व मोठें. औषधासाठीं व कातडीं कमावण्यासाठीं हें फळ खपतें आणि भाताचें पीक घरीं पुरें पडत नाहीं तेथें मीठमिरची व कपडालत्ता यांचा खर्च हिरड्यावर चालतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत या भागांतील हिरड्याचीं झाडें मोडलीं, तेव्हां तें नुकसान शेतीचें धरावें कीं रानाचें, असा प्रश्न निघाला. ज्यांचें पोट दोहोंवर आहे त्यांना हा भेद समजावून सांगणें कठीण.

रानाचा कांहीं भाग देवराईच्या रूपानें राहिला. देवाच्या नांवें सोडलेल्या या राईंतून वाळकी काडीहि घरीं न्यावयाची नाहीं, असा गांवोगांव दंडक असे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० च्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रांतील देवरायांची पाहणी केली, तींत असें दिसून आलें कीं, आसपासचें रान तुटून गेल्यावरहि या राया जुन्या झाडांची जात संभाळून होत्या. कित्येक राया झऱ्याच्या उगमाशींच आहेत. देवाचा धाक आणि पाण्याची काळजी या दोन गोष्टी आमच्या पूर्वजांनीं एकाच ठिकाणीं कां बांधून ठेविल्या, हें यावरून ध्यानांत येईल.

या माथ्यावरच नाणेघाट आहे. कोंकणांतील कल्याण, शूर्पारक या बंदरांवर उतरलेला माल याच खिंडीनें वर चढून जुन्नरास व पुढें प्रतिष्ठानास जात असे. घाटाच्या तोंडाशीं खडकांत कोरलेल्या दालनांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा प्रसिद्ध लेख आहे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख बहुतेक विद्वान मानितात. त्यांत केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गाई हजारांनीं मोजल्या आहेत, आणि ते आंकडे अंकचिन्हांनीं लिहिलेले असल्यामुळें भारतीय अंकांच्या इतिहासांत या लेखास मोठें स्थान मिळालें आहे. जवळच दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचें नाणें टाकीत, असें लोक सांगतात. वाटसरूंसाठीं खोदलेलीं पाण्याचीं टाकींहि आहेत. दोन हजार मिलिमीटर पावसाच्या जागीं पाण्याचीं टाकीं खोदावीं लागलीं, ही गोष्ट सहज नजरेआड होण्याजोगी आहे. पण तींत या मुलखाचें सारें दुखणें आहे. पाऊस येतो आणि जातो. खडक तो धरून ठेवीत नाहीं.

माथ्यावरून खालीं उतरलें म्हणजे जुन्नर लागतें. शहर वसण्यास हीच जागा कां, याचें उत्तर नदी देते. वरचें रान व खालचें शेत यांची भेट येथें होते. शहराभोंवतीं लेण्याद्रि, तुळजा, मानमोडी, शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक खोदकामें आहेत. एका शहराभोंवतीं इतकीं लेणीं दुसरीकडे क्वचितच सांपडतील. त्यांतील दानलेखांत यवन येतात, शक येतात, आणि गांवचे कारागीरहि येतात. बुरूड, कांसार व धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचीं नांवें या लेखांत आहेत. बुरुडाचा वेळु डोंगरांतून येणार व व्यापाऱ्याचें धान्य शेतांतून. दोघांच्या श्रेणी एकाच गांवीं नांदत होत्या, यावरून कुकडनेरच्या वरच्या व खालच्या अर्ध्यांची देवघेव किती जुनी आहे हें कळतें.

याच लेखांपैकीं एक आमच्या विषयास विशेष उपयोगी आहे. एका शक उपासकानें एका गांवीं वीस व दुसऱ्या गांवीं नऊ निवर्तनें शेत दान दिल्याची त्यांत नोंद असून पहिल्याबरोबर करंजाचा व दुसऱ्याबरोबर वडाचा उल्लेख आहे. हीं झाडें लावण्याकरितां दान होतें, कीं शेताची खूण म्हणून झाडाचें नांव घातलें, हा वाचनाचा प्रश्न आहे. कोणताहि अर्थ घेतला तरी एवढें निश्चित कीं, सुमारें अठरा-एकोणीस शतकांपूर्वीं येथील शेताचा हिशेब लिहितांना झाडास वगळलें जात नव्हतें.

पुढील शतकांची हकीकत वाचकांस परिचित असल्यामुळें ती थोडक्यांत आटोपतों. १४९० मध्यें मलिक अहमदानें निजामशाहीची स्थापना जुन्नरास केली. १६३० मध्यें शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला. आणि जुन्नरी कागद मराठ्यांच्या दप्तरांत नांवाजलेला होता. या सर्व काळांत पाणी मिळविण्याचा मार्ग मात्र एकच राहिला: विहीर खोदावी, मोट चालवावी, जमेल तेथें लहानसा बंधारा घालून पाट काढावा. राज्यें बदललीं, पण कुकडीचा पूर पावसाळ्यांत वाहून जाई व उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत डोह तेवढे उरत, यांत फरक पडला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे या तालुक्यांतील हिवरे येथें औषधी वनस्पतींची सरकारी बाग चालवीत असत. तेच १८४७ मध्यें मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरावरचें रान तुटलें कीं खालचे ओढे आटतात, असें त्यांनीं सरकारास कळविलें होतें. हें मत त्या काळीं नवें वाटलें असेल. देवराई राखणाऱ्या कोळ्यास तें नवें वाटलें नसतें.

आतां जुन्नर सोडून खालच्या पात्रांत जाऊं. येथें नदीनें आपला स्वतःचा इतिहास लिहून ठेविला आहे. बोरी येथें कांठच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सांपडला. १९८० च्या दशकांत अभ्यासकांनीं तो प्रसिद्धीस आणला. आमचें पठार ज्वालामुखींनींच घडविलेलें आहे हें खरें. पण ते सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच निवाले. तेव्हां नदीच्या अलीकडच्या गाळांत ही राख आली कोठून? रासायनिक घटकांची तुलना करून कित्येकांनीं असें ठरविलें कीं, सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची ही राख असावी. त्याचा मोठा स्फोट सुमारें ७४ हजार वर्षांपूर्वीं झाला. उलट कांहींनीं राखेचें वय लाखांत मोजलें. पहिला अंदाज तर चौदा लक्ष वर्षांचा होता. हा वाद विद्वानांत बराच चालला आहे, आणि त्यास महत्त्वहि आहे. कारण राखेच्या थराच्या सान्निध्यांत आदिमानवाचीं दगडी हत्यारें मिळालीं आहेत. एका लहान नदीच्या दरडीवरून दक्षिणेंतील मनुष्याच्या वस्तीचें वय ठरावें, ही गोष्ट कांहीं सामान्य नव्हे.

आणखी खालीं, पारनेर तालुक्यांतील निघोज व पलीकडचें टाकळी हाजी यांच्यामध्यें, पात्राचा खडक उघडा पडला असून त्यांत शेंकडों रांजणखळगे कोरले गेले आहेत. पुराच्या भोंवऱ्यांत गोटे अडकतात, गरगर फिरतात आणि कठीण काळ्या खडकास आंतून पोखरतात. कांठीं मळगंगादेवीचें ठाणें आहे व लोक या जागेस कुंड म्हणून भक्तीनें येतात. ज्या नदीचा प्रवाह उन्हाळ्यांत शोधावा लागे, तिनें खडक कोरावा हें प्रथम खरें वाटत नाहीं. पण वर्षांतून थोडे दिवस येणाऱ्या पुराचें बळ केवढें असतें, याचा येथें लेखी पुरावाच आहे; आणि तें सारें बळ कांठच्या शेतास कांहीं न देतां निघून जात होतें.

कारण याच कांठावरचा मुलूख दक्षिणेंतील अत्यंत तहानलेल्या मुलखांपैकीं एक. १८७५ मध्यें सावकारांच्या विरुद्ध कुणब्यांनीं जे दंगे केले ते भीमथडींतील सुपें येथें सुरू होऊन शिरूर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या तालुक्यांत पसरले. लोकांनीं बहुतेक ठिकाणीं माणसांस हात न लावतां कर्जरोखे तेवढे हिसकावून जाळले. लागलीच १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला, आणि १८७९ मध्यें सरकारानें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. सारा, व्याज, कापसाचा पडलेला भाव हीं कारणें इतिहासकारांनीं योग्य तीं दाखविलीं आहेत. त्यांच्या तळाशीं आम्हांस आणखी एक कारण दिसतें: पांचशें मिलिमीटर पावसाचा भरवंसा धरून कर्ज काढावें लागे. पाऊस चुकला कीं रोखा वाढे.

वर सांगितलेल्या तालुक्यांचीं नांवें वाचकांनीं लक्षांत ठेवावीं. कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुकडी प्रकल्पाचा जो नकाशा निघाला, त्यांत बहुतेक तींच नांवें पुनः आलीं. कुकडीवर येडगांव व माणिकडोह, मीनेवर वडज, घोडनदीवर डिंभें आणि उत्तरेस पिंपळगांव जोगे, अशीं पांच धरणें एकमेकांस जोडून ही योजना केली आहे. येडगांवचें धरण १९७७ च्या सुमारास व माणिकडोहचें १९८४ च्या सुमारास पुरें झालें. एकट्या माणिकडोहांत सुमारें दहा अब्ज घनफूट पाणी मावतें. येडगांवचा डावा कालवा दोनशें किलोमीटरांहून अधिक लांब असून, जुन्नर, आंबेगांव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत व सोलापूर जिल्ह्यांतील करमाळें, इतक्या तालुक्यांस या प्रकल्पाचें पाणी जातें. नदी स्वतः जेवढी लांब नाहीं, त्याहून तिचा कालवा लांब झाला. ज्या गांवांत रोखे जळले, तेथें आज आवर्तन केव्हां सुटणार याची वाट पाहतात.

याचें फळ कोणी नाकारूं नये. बाजरीच्या माळांवर ऊंस, कांदा, द्राक्षें आलीं. नारायणगांवची टोमॅटोची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध झाली. विघ्नहर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मुलांस शाळा व मुलींस महाविद्यालय दिसलें. पण पाणी आलें तें कांहीं आकाशांतून आलें नाहीं. माणिकडोहाच्या पोटांत गेलीं तीं माथ्याजवळचीं खाचरें, म्हणजे त्या खडकाळ मुलखांत जी काय थोडी बरी जमीन होती तीच. आणि धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या कित्येक वाड्यांना उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याकरितां अजूनहि टँकरची वाट पाहावी लागते. दहा अब्ज घनफूट पाणी दृष्टीसमोर, आणि घागर रिकामी. खालच्या तालुक्यांत पाण्यावरून भांडणें होतात तीं अधिक मिळावें म्हणून. वरच्यांचें भांडण मुळीं हिशेबांतच धरलें जात नाहीं.

दुसरा एक परिणाम कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हता. रान विरळ होत गेलें आणि ऊंस दाट होत गेला, तसा बिबट्या डोंगर सोडून उंसांत राहूं लागला. बारा महिने आडोसा, पाणी, आणि गांवचीं कुत्रीं व शेळ्या हें भक्ष्य. त्यास रान म्हणून आणखी काय पाहिजे? २००१ च्या सुमारास जुन्नर भागांत माणसांवरील हल्ले वाढले, तेव्हां बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा उपाय झाला. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं या वनविभागाचा अभ्यास करून २०११ मध्यें जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा कीं, अशा स्थलांतरानें हल्ले थांबले नाहींत, उलट वाढले. अपरिचित मुलखांत सोडलेलें जनावर अधिक धोक्याचें ठरलें. पकडलेल्या बिबट्यांसाठीं माणिकडोह येथें निवारा केंद्र आहे. ज्या घरांतलें मूल या संकटांत गेलें त्या घरास शास्त्राचें समाधान पुरत नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी पण जनावर उंसांत कां आलें, हा प्रश्न पुसल्यावांचून उपाय सांपडणार नाहीं. रान व शेत यांमधील रेघ आपण नकाशावर ओढली. बिबट्यानें ती मानली नाहीं.

वरील हकीकतीवरून आम्ही धरणें नसावींत असें म्हणत आहों, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. १८७५ च्या कुणब्याची आठवण ज्यास आहे, तो कालव्याविरुद्ध बोलणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दोन हजार वर्षें या खोऱ्यांत जी देवघेव चालत आली, तींतील एक बाजू अलीकडे खात्यावरून खोडली गेली आहे. धरणांत पाणी किती, कालव्यांत सोडलें किती, कोणत्या तालुक्याच्या वांट्यास किती, याचे आंकडे रोज छापून येतात. पण माथ्यावर रान किती उरलें, झरे किती आटले, आणि उघड्या उतारावरून किती माती धरणाच्या तळाशीं येऊन बसली, हे आंकडे त्या शेजारीं कधीं छापले जात नाहींत. तळाशीं गाळ जितका साठेल तितकें पाणी कमी मावेल, हें गणित तर शाळेंतल्या मुलासहि समजण्यासारखें आहे. पूर्वीं डोंगरावरून आलेली माती खालच्या शेतकऱ्याची दौलत होती. आज तीच माती धरणांत अडकून त्याच्या पाण्याची जागा घेते. म्हणून माथ्याचें रान राखणें हें माथ्यावरच्या लोकांवर केलेले उपकार नव्हेत. तो खालच्या उंसाचा विमा आहे, आणि त्याचा हप्ता खालच्यांनीं भरणें न्यायाचें होईल. रान राखणाऱ्या वाडीस त्या रानाखालच्या धरणांतलें पिण्यापुरतें पाणी आधीं मिळावें, हा त्या हप्त्याचा पहिला अंश.

जुन्नरच्या लेण्यांतील त्या शक उपासकानें वीस निवर्तनांबरोबर करंज लिहिला व नऊ निवर्तनांबरोबर वड. कुकडीच्या पाण्याचा हिशेब आजच्या कचेऱ्यांत त्याच्या शेंकडोंपट मोठा झाला आहे. त्यांत करंजाचा व वडाचा एक रकाना पुनः घालावयास जागा निघेल, असें आम्हांस वाटतें.